चष्म्याच्या काडीपाशी राहिलेली फट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेधाला नाही — आणि मेधा म्हणजे माझी बायको, माझ्या बँकेच्या पासवर्डपासून माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं तिला ठाऊक आहे. एवढं एक नाही. सांगायला बसलो की मी विषय बदलतो. उठून चहा टाकतो. मग आता कागदावर का? आणि तुमच्यापुढेच का? कारण थोडे तुम्हीही त्यात आहात. तुमच्यापैकी काहींनी मी लिहिलेलं वाचून हेडफोन घेतले आहेत, आणि त्या लिहिण्यातलं एक वाक्य खोटं होतं.

मी हेडफोनांची परीक्षणं लिहितो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझी ओळख अजून 'ते कानवाले' अशीच करून देतात. बसमध्ये कानात कोंबायचे ते हेडफोन नव्हेत. मोठे, कान पूर्ण झाकणारे, ज्यांची किंमत ऐकून पाहुणे हळूच विचारतात, 'वहिनींना माहितीये का?' दिवसा मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. हा उद्योग शनिवार-रविवारचा. एका मासिकात मला एक पान मिळायचं, पुढे ते पान इंटरनेटवर गेलं आणि वाचक वाढले.

माझा जीव खरा बंद हेडफोनांवर. काही हेडफोनांच्या वाट्यांना बाहेरून जाळी असते, त्यातून आवाज आतबाहेर करतो. क्लोज्ड-बॅक असतात त्यांची पाठ बंद. आतलं आत, बाहेरचं बाहेर. मी त्यांना मराठीत 'पाठबंद' म्हणायला लागलो, तेव्हा इक्बालभाई म्हणाले होते, "पाठबंद काय, अविनाशराव? मी काय कमरेचे पट्टे विकतो?"

इक्बालभाईंचं दुकान बुधवार पेठेत, त्यांच्या आजोबांपासूनचं. आधी रेडिओ होते, मग टेप, मग हे. भारी नवा सेट आला की शनिवारी तो माझ्या हातात द्यायचे आणि सोमवारी मी परत करायचो. पावती नाही, अनामत नाही. एकदा मी संकोचून म्हटलं, एवढी महागाची वस्तू तुम्ही अशी कशी देता? तर म्हणाले, "तुम्ही खोटं लिहीत नाही. आमच्या धंद्यात असा माणूस कुठे मिळतो?" हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितोय. ते माझ्याबद्दल बोलले गेलेलं आहे, आणि मी ते ऐकून खूश झालो होतो.

आता माझी पद्धत सांगावी लागेल. तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ बगल देतोय. देतोय — थोडी. पण पद्धत कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाकीचे लोक नवा हेडफोन आला की आधी गाणं लावतात. मी लावत नाही. गाणं लागलं की माणूस कानाचा त्रास विसरतो. डोकं दुखायला लागतं ते नंतर, पैसे देऊन झाल्यावर. म्हणून मी आधी दोनेक तास हेडफोन नुसता घालून बसतो. वायर कशालाच जोडायची नाही. पेपर वाचायचा, शब्दकोडं सोडवायचं. पट्टा टाळूवर कुठे रुततो, कानाभोवतीच्या गादीत कान किती घामेजतो, पकड सैल आहे की आवळ, हे मुक्या हेडफोनातच समजतं. आणि चष्मा घालूनच बसायचं, कारण माझे निम्मे वाचक चष्मेवाले. चष्म्याच्या काडीवरून गादी जाते तिथे एक बारीक फट राहते. त्या फटीचं काय होतं हे मी इतक्यांदा लिहिलंय की वाचक कंटाळले असतील. वरच्या पट्टीतले बारीक आवाज — शिट्टी, बांगड्या, घंटा — जाड गादी सहज अडवते. खर्ज अडत नाही. उभ्या बसचं इंजिन, वरच्या मजल्यावर सरकवलेलं कपाट, एखाद्या माणसाचा भरदार खालचा आवाज, हे त्या फटीतून आत येतं.

आमच्या अण्णांचा आवाज तसा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. बस स्टँडवर उद्घोषक होते. सगळी नोकरी त्यांनी एका काचेच्या खोलीत मायक्रोफोनसमोर काढली. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण अण्णा ते म्हणायचे तेव्हा प्रवासी खरोखर लक्ष द्यायचे. कुठल्याही आडगावाचं नाव ते त्या गावच्या माणसाने घ्यावं तसं घेत. ळ म्हणजे ळ, ण म्हणजे ण. घरी कुणी 'पानी' म्हटलं तर ते पाणी द्यायचे नाहीत. लहानपणी मी खाली खेळत असलो की गॅलरीतून एकदाच 'अविनाश' म्हणायचे. ओरडायचे नाहीत. आजूबाजूच्या तिन्ही इमारतींना ऐकू जायचं आणि माझ्याआधी माझे मित्रच म्हणायचे, जा बाबा, तुझी गाडी लागली.

माझ्या या छंदाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "कानाला झाकण लावून गाणं ऐकायचं, म्हणजे गाणं पळून जातं की काय?" असं त्यांनी पहिला हेडफोन पाहून विचारलं होतं. पण माझं पान छापून आलं की आधी तेच वाचायचे आणि शुद्धलेखनाच्या चुकांखाली पेन्सिलने रेघा मारून ठेवायचे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. बातम्या लागल्या की कपाळाला आठी पडायची, मेधाने भाजीत मीठ कमी टाकलं की डावा हात हलायचा. पण शब्द एकही नाही. 'आ', 'उं', एवढंच. आणि आवाज मात्र तोच, खोल, जसाच्या तसा. मला ते सगळ्यात अवघड जायचं. आवाजच गेला असता तर एक वेळ सोपं झालं असतं, असं मी मनात म्हणायचो.

हॉलमध्ये त्यांची कॉट लावली. दिवसभरासाठी रुग्णसेवकांच्या ब्युरोतून एक मामा यायचे, ते अण्णांचं सगळं करायचे. रात्री आणि रविवारी मी. डायपर लावून घ्यायला अण्णांनी साफ नकार दिला होता. दोनदा लावला, दोनदा डाव्या हाताने ओढून फेकला. त्यांना वेळेवर भांडं लागायचं, वेळेवर माणूस लागायचा. मेधाला मात्र त्यातलं काहीही करू द्यायचे नाहीत. ती खोलीत आली की आधी पांघरूण गळ्यापर्यंत घ्यायचे. सुनेसमोर बनियनवरसुद्धा कधी न बसलेला माणूस. म्हणून मेधानेच तोड काढली. देव्हाऱ्यातली पितळी घंटा आणून तिने त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. "अण्णा, देवाला दुसरी आणू. ही तुमची. काही लागलं की वाजवायची, लाजायचं नाही," म्हणाली. अण्णा हसले होते, अर्ध्या तोंडाने. घंटा वाजली की मी जायचो. अशी ती व्यवस्था होती, आणि चांगली चालली होती.

अजून एकच माणूस सांगायचा राहिला. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या, स्पीच थेरपिस्ट. तरुण, चिकाटीच्या. अण्णांसमोर वस्तू धरून म्हणायच्या, हे काय? पाणी. म्हणा, पा. अण्णा प्रयत्न करायचे, घाम यायचा, शब्द यायचा नाही. बाईंनी आम्हा दोघांना बजावून सांगितलं होतं, "पहिला शब्द केव्हा येईल सांगता येत नाही. कदाचित मी नसताना येईल. आला की मला लगेच कळवा. कधी आला, ते काय करत होते, कशासाठी बोलले, सगळं. ज्या वाटेने एक शब्द आला, त्याच वाटेने बाकीचे आणायचा प्रयत्न करता येतो. तो शब्द वाया घालवू नका." मेधा रोज संध्याकाळी शाळेतून शिकवून आली की पहिलं हेच विचारायची: काही बोलले?

तर तो रविवार.

मेधाच्या भाचीचं केळवण होतं, सहकारनगरला. ती सकाळीच गेली. मी आणि अण्णा. मी त्यांची दाढी केली, अंग पुसलं, भरवलं. सकाळी भांडं दिलं, साफ केलं. दुपारी जेवलो — खरं तर जेवण गेलं नाही. मग अण्णांचा डोळा लागला आणि मी आतल्या खोलीत गेलो. आदल्या दिवशी इक्बालभाईंनी दिलेला सेट टेबलावर होता. काय वस्तू होती ती! अक्रोडाच्या लाकडाच्या वाट्या, मऊ कातड्याच्या गाद्या. मी दार अर्धं उघडं ठेवलं, चष्म्यावरून हेडफोन चढवला, वायर मांडीवर टाकली आणि शब्दकोडं घेतलं. गाणं नव्हतं. माझी पद्धत तुम्हाला सांगितलीच आहे.

घंटा मला ऐकू आली नाही. हे खरं आहे. — म्हणजे, बारीकसं काही टिणकलं असेल, मी शपथेवर सांगणार नाही. पण घंटा म्हणून ऐकू आली नाही. या एका खऱ्या वाक्याला मी किती घट्ट धरून बसलोय याची तुम्हाला कल्पना नाही.

कारण घंटेनंतर आवाज आला. 'आ' — लांब, खालून. तो आला. स्पष्ट आला. मी शब्दकोड्यावरून मान वर केली.

आणि उठलो नाही.

का? मी या 'का'भोवती पुष्कळ फिरलोय. थकलो होतो? होतो. पण एवढाही नाही. वाटलं, पाणी हवं असेल, देऊ मिनिटभराने. वाटलं, थांबतील. ही सगळी मागाहून बसवलेली कारणं. त्या वेळी मला एकच गोष्ट वाटत होती, आणि ती किळस होती. माझ्या वडिलांची. सकाळचा वास अजून माझ्या हातांना आहे असं वाटत होतं, आणि परत तेच करायचं होतं. दर रविवारी तेच करायचं होतं. शिवाय राग. ज्या माणसाने मला आयुष्यभर ळ आणि ण शिकवले, तो असा 'आ' करत पडलाय याचा राग. कुणावर? त्यांच्यावरच. दुसरं कोण होतं घरात?

आवाज पुन्हा आला. मी दोन्ही तळव्यांनी वाट्या कानांवर दाबल्या. फट बुजली. आवाज पुष्कळ कमी झाला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आलं की, पकड जराशी अधिक असती तर हा सेट निर्दोष ठरला असता. हे मी परीक्षणात लिहिलंसुद्धा. 'पकड किंचित अधिक हवी होती.' तुम्ही ते वाचलंय. वाचून तुम्हाला वाटलं असेल, काय बारकाईने तपासतो हा माणूस.

बराच वेळ मी तसा बसलो होतो. मग आवाज थांबला. थांबल्यावर मात्र घाबरलो आणि उठलो. डोक्यावरचा हेडफोन काढायचंही भान नव्हतं. हॉलमध्ये गेलो तर अण्णा जागे होते. चादर, गादी, सगळं भरलं होतं. डाव्या हाताने ते कोरडं पांघरूण त्यावर ओढायचा प्रयत्न करत होते. माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर खाली गेली. हेडफोनची वायर माझ्या मागे फरशीवर घासत आली होती आणि तिचं टोक माझ्या पायाशी पडलं होतं. सोनेरी पिन. कशालाच न जोडलेली. अण्णा त्या पिनकडे पाहत राहिले. माझी पद्धत त्यांना माहीत होती; माझी सगळी पानं त्यांनी पेन्सिल घेऊन वाचलेली होती.

मी काही बोलणार, एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. मेधा लवकर परतली होती. अण्णांना आवडतात म्हणून केळवणातले मोदक डब्यात घेऊन आली होती. तिने एकदा पाहिलं, डबा खाली ठेवला, रेशमी साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "अवि, गरम पाणी आण." मी करतो, असं म्हणायला हवं होतं. तिला बाहेर पाठवायला हवं होतं — अण्णांना दुसरं काही नकोच होतं. मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा ती त्यांना पुसत होती, आणि ते डोळे घट्ट मिटून पडले होते.

"अरे, तू होतास ना घरात?" तिने विचारलं. रागाने नाही, गोंधळून.

"हेडफोन होता कानावर," मी म्हणालो. "घंटा ऐकूच आली नाही."

खरं वाक्य. बघा, किती नीट निवडलं होतं. गाणं लावलं होतं असं मी म्हटलं नाही; ते तिने गृहीत धरलं आणि मी धरू दिलं. ती अण्णांकडे वळली. "अण्णा, घंटा वाजवली होतीत ना?"

अण्णांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

नाही म्हणाले ते. वाजवली नाही म्हणाले. घंटा कॉटखाली पडली होती, वाजवता वाजवता हातातून सुटली असणार, मला दिसत होती. मेधाने ती उचलली आणि त्यांच्या हाताशी ठेवत प्रेमानेच रागावली, "अहो अण्णा, मग दिलीये कशाला ही? आम्हाला काय स्वप्न पडणारे? इतकं भिडस्त राहून कसं चालेल?" ते ऐकून घेत होते. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस, माझ्या वाटणीचं ऐकून घेत होता. आणि मी बादली धरून उभा होतो. दोन पावलांवर.

परीक्षण त्या आठवड्यात लिहिलं. बाहेरचा आवाज किती अडतो या भागात मी लिहिलं की, शेजारच्या खोलीत वाजणारी घंटासुद्धा ऐकू आली नाही. घरात कुणी हाक मारली तर कळणारही नाही, सांभाळा! शेवटी उद्गारचिन्ह होतं. घंटेचं खरं होतं. हाकेचं खोटं. ते मी का लिहिलं? तुमच्यासाठी नव्हे. मेधा माझी परीक्षणं वाचायची नाही, पण ते मी तिला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरंच रे, तुझी तरी काय चूक."

ते परीक्षण माझं सगळ्यात गाजलेलं. इक्बालभाईंनी कात्रण काचेवर लावलं. लोक येऊन 'तो घंटेवाला' असं सांगून सेट मागायचे. एका वाचकाने तक्रार केली की त्याला बायकोची हाक ऐकू येत नाही पण वडिलांची येते, हे कसं काय? मी उत्तर दिलं की आपण चष्मा काढून पाहावा. उत्तर अचूक होतं. त्याने आभार मानले.

हे सगळं लिहिताना मला वाटत होतं, इथवर आलो की मोकळा होईन. झालो नाही. कारण मी अजून सांगितलेलंच नाही. जे सांगितलं ते वाईट आहे, पण ते कदाचित तुम्ही समजून घ्याल — घरात आजारी माणूस असलेले पुष्कळजण समजून घेतील. थकतो माणूस. नको वाटतं. मी ते पुढे करून त्याच्यामागे लपत होतो. तुमच्यापुढेसुद्धा, आत्तापर्यंत.

मी वाट्या दाबून बसलो होतो ना, तेव्हा पहिल्या दोन हाकांनंतर तिसरी आली. तळवे दाबलेले होते तरी आली. ती 'आ' नव्हती.

'अविनाश.'

पूर्ण. चारही अक्षरं, ना लांब, शेवटचा श सोडून न दिलेला. गॅलरीतून मारायचे तशी. झटका आल्यापासून ज्या माणसाला 'पा' म्हणता येत नव्हतं, त्याने माझं आख्खं नाव घेतलं. भास म्हणता येईल? मी म्हणून पाहिलंय. पण मी ऐकण्यावर पोट नसलं, तरी नाव कमावलेला माणूस आहे. तो भास नव्हता.

आणि मी तळवे काढले नाहीत. उलट अधिक दाबले. कारण आता उठलो तर ऐकून उठलो असं झालं असतं, मग आधीच्या दोन हाकांना का नाही उठलास? मी त्या वेळीसुद्धा हिशेबच करत होतो.

मंगळवारी थेरपीच्या बाई आल्या. मेधा शाळेत होती. बाईंनी दारातच विचारलं, "काही प्रगती? एखादा शब्द?" अण्णा कॉटवरून माझ्याकडे पाहत होते. घंटेबद्दल ते माझ्यासाठी खोटं बोलले होते, ते मान हलवून तरी बोलता आलं. हे मात्र त्यांना सांगता येणार नव्हतं. हे सांगणं फक्त माझ्या हातात होतं. काय अवघड होतं? 'रविवारी माझं नाव घेतलं, अगदी स्पष्ट.' एवढंच. अगदी खोटं मिसळून सांगितलं असतं तरी चाललं असतं: मी स्वयंपाकघरात होतो, ऐकून धावत आलो, पण उशीर झाला. बाईंनी आनंदाने उडी मारली असती. मेधाने मोदक केले असते. आणि बाईंना वाट मिळाली असती: समोर वस्तू धरून नव्हे, या माणसाला खरी गरज लागली, हाक मारायची वेळ आली की शब्द येतो. पण मेधाने नंतर सहज विचारलं असतं, हेडफोन होता ना कानावर?

"नाही," मी बाईंना म्हणालो. "अजून काहीच नाही."

अण्णांनी भिंतीकडे तोंड वळवलं. बाईंनी ग्लास समोर धरला, म्हणा पा, म्हणा पा. त्या दिवशी त्यांनी प्रयत्नही केला नाही. पुढच्या वेळीही नाही. दोनेक महिन्यांनी बाई मेधाला म्हणाल्या की प्रतिसाद येत नाहीये, उगीच त्यांना दमवायला नको. मेधा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थेरपी बंद झाली.

अण्णा त्यानंतर वर्षभर होते. घंटा मामांसाठी वाजायची, रात्री मेधा जागी असली तर वाजायची, म्हणजे ती मला उठवायची. रविवारी दुपारी मी एकटा असलो की ते चहा घ्यायचे नाहीत, पाणीही ओठाला लावण्यापुरतं. मी मग दर अर्ध्या तासाने स्वतःहून भांडं घेऊन उभा राहायचो, आणि ते मान हलवायचे, नको. मी हेडफोन घालणं त्या खोलीत सोडून दिलं, गॅलरीत बसायला लागलो, त्यांना दिसेन असा. काही उपयोग नव्हता. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, हे मला नक्की माहीत आहे. मोदकाचा घास मी भरवला तर घ्यायचे. कधी डाव्या हाताने माझ्या चष्म्याची काच पुसायचे, कुर्त्याच्या टोकाने. फक्त हाक त्यांनी मला परत मारली नाही.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. पानं वाढून झाली होती, आत्या आणि बाकीची मंडळी जेवत होती, आणि बोलता बोलता आत्या म्हणाली, "काय आवाज होता दादाचा. शेवटी काही बोलला का गं?" मेधा म्हणाली, "नाही हो आत्या. शेवटपर्यंत एक शब्द फुटला नाही. किती कष्ट घेतले त्यांनी, पण नाही फुटला." सगळे चुकचुकले. मी मठ्ठा वाढत होतो. कुणीतरी वाटी पुढे केली, मी ती भरली आणि पुढच्या पानाकडे गेलो.

मेधा हे वाचेल; मीच तिच्या हातात देणार आहे. तिला कळायला हवं की ती चुकीचं सांगतेय, आणि तिची त्यात चूक नाही. अण्णा भिडस्त नव्हते. त्यांनी घंटा वाजवली होती. आणि ते बोलले होते, एकदा, स्वच्छ, मला हाक मारून. मी ते ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही.